स्क्रोल सॉ थरथरतोय, पातं रेषेवर राहत नाही : उपाय सुचवा

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

सांगलीत गावभागात राहतो, पहिल्या मजल्यावर. मागची गॅलरी काचा लावून बंद केली आहे, तिथं माझं सुट्टीच्या दिवसाचं लाकूडकाम चालतं. हल्लीच एक १६ इंची स्क्रोल सॉ (बारीक पातं वर-खाली चालवून नक्षी कापणारी मोटरची करवत) सेकंडहँड घेतला. पॅरलल आर्म प्रकारचा आहे, म्हणजे वर-खाली दोन समांतर बाहू आणि त्यांच्यात पातं. वेग मिनिटाला ४०० ते १६०० स्ट्रोक. वजन साधारण १८ किलो.

२०१८ साली सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात बंदी आली, तेव्हापासून आमच्याकडे दरवर्षी कापडाचं मखर असतं. यंदा ६ मिमी प्लायची जाळीदार कमान करायची ठरवलंय. मधोमध कमळ, दोन्ही बाजूंना वेल, बारीक बारीक खिडक्या. नक्षी काढून तयार आहे. अडलंय ते मशीनपाशी.

वेग हजाराच्या आसपास नेला की सगळं टेबल नाचायला लागतं. त्याच्या खाली किंवा बराच वर नेला तर जरा बरं. चारी पायांखाली रबराचे तुकडे घातलेत, पण त्यानं फरक पडण्याऐवजी हजाराला जास्तच उड्या मारतंय असं वाटतं. दुसरी गोष्ट, पातं पेन्सिलच्या रेषेवरून सारखं एका बाजूला पळतं. आणि पातळ प्लाय घेतला की तो वरच्या स्ट्रोकला उचलला जातो, फडफडतो.

खालच्या मजल्यावरच्या काकांनी परवा जिन्यात गाठून "गिरणी टाकलीस काय रे?" असं विचारलं. म्हणजे विषय आता घरापुरता राहिलेला नाही. अनुभवी लोकांनी मार्ग दाखवावा.

---

रंधा_पटाशी

पहिलं काम : रबर काढा. मशीनला पायाशी भोकं दिलेली असतात ती शोभेला नसतात. ८ मिमीचे बोल्ट, खाली-वर मोठा वायसर, नायलॉकचे (कंपानं सैल न होणारे) नट, आणि जड टेबलाला आवळून टाका. माझं मशीन सागवानी फळ्यांच्या बाकावर आवळलंय, बाक भिंतीला धरलाय. रुपया उभा राहतो त्यावर.

मोकळं ठेवलेलं मशीन नाचणारच, त्यात विचारण्यासारखं काही नाही.

---

फुकटसल्लागार

लेझरवाल्याकडं फाईल टाका, संध्याकाळी कमान घेऊन या. भडंग खात बसा.

---

तासगावकरीण

फुकटसल्लागार, लेझरनं प्लायच्या कडा काळ्या होतात. त्या घासत बसायला भडंगाचं पोतं लागेल. शिवाय कृष्णाकाठ यांना मखर *करायचंय*, नुसतं हवंय असं नाही.

सविस्तर रात्री लिहिते.

---

मेंटेनन्सवाला

कुपवाड एमआयडीसीत मशीन मेंटेनन्समध्ये हयात गेली, त्या जोरावर लिहितो. लांबेल, समजून घ्या.

धागाकर्त्यांनी दोन वेगळी दुखणी एकत्र सांगितली आहेत. मशीन थरथरणं हे एक आणि पातं रेषा सोडणं हे दुसरं. थरथर शून्यावर आणली तरी पातं रेषा सोडेल, कारण त्याची कारणं वेगळी आहेत. दुसऱ्या दुखण्यावर इथं माझ्यापेक्षा जाणते लोक आहेत. मी पहिल्याबद्दल बोलतो.

मोटर गोल फिरते, पातं वर-खाली जातं. मध्ये क्रँक (गोल फिरण्याचं वर-खाली करणारा दांडा) असतो आणि त्याला दोन लांब बाहू जोडलेले. म्हणजे प्रत्येक स्ट्रोकला एवढं वजन एका दिशेला पळवायचं, थांबवायचं, उलट पळवायचं. हा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ८०० वरून १६०० वर गेलात तर वेग दुप्पट, पण हादरा चौपट. त्यामुळे पहिला फुकटचा उपाय : जिथं कमी वेगानं काम होतं तिथं वेग वाढवायचा नाही.

पण तुमचं मशीन १६०० पेक्षा १००० ला जास्त नाचतंय. हे महत्त्वाचं. नुसता क्रँकचा जोर असता तर १६०० ला सर्वांत वाईट झालं असतं. मध्येच एका वेगाला उसळी येते याचा अर्थ तिथं रेझोनन्स आहे, म्हणजे हादऱ्याची गती एखाद्या वस्तूच्या स्वतःच्या डुलण्याच्या गतीशी जुळून हालचाल वाढतेय. कशाचा ते शोधायचं. माझा संशय त्या रबरावर आहे आणि थोडा गॅलरीवर.

रबराचं गणित असं. मशीनच्या वजनानं रबर किती दबतं ते मोजा. १ मिमी दबत असेल तर वर-खाली हलण्याची त्याची नैसर्गिक गती सेकंदाला साधारण १६ हेलकावे, म्हणजे मिनिटाला साडेनऊशेच्या आसपास येते. तुमचा हजाराचा आकडा बघा आणि हा बघा! ४ मिमी दबत असेल तर ती गती मिनिटाला पावणेपाचशेवर येते. आणि रबर हादरा अडवायला लागतं ते या नैसर्गिक गतीच्या १.४ पटीच्या वर गेल्यावरच. त्याच्या खाली ते हादरा वाढवतं किंवा जसाच्या तसा खाली पाठवतं. त्यामुळे "रबर घातलं की कंप कमी" हे अर्धसत्य आहे. प्रत्यक्षात रबर चालत्या हादऱ्याला या हिशोबापेक्षा थोडं कडक वागतं, आणि मशीन नुसतं वर-खाली न हलता डुलतंही, तेव्हा आकडे तंतोतंत जुळणार नाहीत. पण दिशा कळते.

आता रंधा_पटाशींचा बोल्ट. बरोबर आहे, फक्त आवळण्याआधी एक गोष्ट बघा. मशीनचा पाया आणि टेबल यांत कुठं फट आहे का? चारी बोल्ट हातानं टेकवा आणि प्रत्येक पायाखाली वहीचा कागद सरकवून बघा. एका पायाखाली कागद जात असेल तर तिथं पत्र्याची चकती भरा, मग आवळा. तसंच दाबून आवळलं तर बिडाचा पाया पिळतो, वरचा-खालचा बाहू एका रेषेत राहत नाही आणि बोल्ट लावूनही कंप तसाच. कारखान्यात पंप-मोटरचे बरेच कंप या एका कारणानं असतात, आणि लोक बेअरिंग बदलत बसतात.

त्याआधी मशीनचीच तपासणी. प्लग काढून वरचा बाहू हातात धरा, डावी-उजवीकडे हलवा. खेळ जाणवला तर पिव्होटचे (बाहू ज्यावर डुलतो त्या खिळीचे) बुश, म्हणजे तिच्याभोवतीच्या नळ्या, झिजलेत. चालताना प्रत्येक स्ट्रोकला "टक टक" येत असेल तर क्रँकच्या जोडात सैलपणा आहे. सेकंडहँड मशीन असल्यानं बहुतेक बुश कोरडे पडले असतील. मशीन कुशीवर आडवं करून पिव्होटमध्ये मशीन ऑइलचे थेंब सोडा, रात्रभर मुरू द्या, दुसऱ्या रात्री दुसऱ्या कुशीवर. सीलबंद बेअरिंग असतील तिथं तेल घालायची गरज नाही.

आणि हो, कंप बघायला म्हणून पातं काढून मशीन चालवू नका. पॅरलल आर्ममध्ये दोन बाहूंना बांधून ठेवणारं पातंच असतं. ते नसलं की बाहू सैरभैर होतात.

---

रंधा_पटाशी

गणित भारी आहे, पण शेवटी सांगितलं काय? बोल्ट आवळा. तेच मी तीन ओळीत म्हणालो. 😄

---

मेंटेनन्सवाला

@रंधा_पटाशी, तुमचा बाक बहुतेक तळमजल्यावर आहे, खाली जमीन आहे. त्यांचा गॅलरीत आहे. गॅलरी म्हणजे भिंतीतून बाहेर आलेला छज्जा. कडेला तो सर्वांत जास्त लवतो. तिथं टेबलाला मशीन घट्ट आवळलं तर मशीन शांत होईल आणि छज्जा हलेल. काकांची तक्रार मशीनच्या नाचण्याची नाही, स्लॅबमधून उतरणाऱ्या घुमण्याची आहे.

कृष्णाकाठ, टेबल गॅलरीच्या कोणत्या टोकाला आहे? भिंतीलगत, शक्यतो खांबाजवळ आणता येईल का? आणि तळमजल्यावर जागा नाही का?

---

कृष्णाकाठ

टेबल अगदी कठड्याला लागून आहे, उजेडासाठी. भिंतीकडे आणता येईल.

तळमजल्यावर पार्किंगच्या मागे खोली आहे. पण २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला कृष्णामाई तिथं येऊन गेली. मोटर असलेली कुठलीही वस्तू आता मी खाली ठेवणार नाही.

रबर दोन्ही हातांनी दाबून पाहिलं. मोजपट्टीनं नीट कळत नाही, पण एक-दीड मिमीच्या आतच दबलेलं दिसतंय. म्हणजे तुमचा संशय खरा दिसतो. स्टीलच्या वाटीत पाणी घालून टेबलावर ठेवलं आणि वेग हळूहळू वाढवला : साडेआठशेपासून लाटा, हजाराला पाणी बाहेर, तेराशेला जवळपास शांत.

---

जवारी

मिरजेचा आहे, घरात तंतुवाद्यांचा धंदा. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून पाहुणे फार येतात. करवत मात्र अजून आमचीच आम्ही ओढतो. नक्षीची पत्ती कापायला आमच्याकडं हाताची बारीक करवत आहे आणि एक स्क्रोल सॉ पण. पात्याबद्दल बोलतो.

तुम्ही पात्याचा ताण कसा बघता? मशीनवर खूण असते त्यावर बहुतेकांचा भरवसा असतो. त्या खुणेला फारसा अर्थ नाही, कारण पातं बारीक-जाड असतं तसा ताण बदलतो. बोटानं पातं छेडा. "थड" असा मेलेला आवाज आला तर सैल आहे. स्वच्छ, उंच, टिकणारा स्वर आला पाहिजे. दुसरी परीक्षा : मधोमध बोटानं बाजूला रेटा. ३ मिमीच्या आत अडलं पाहिजे. सैल पातं लाकडात पोट काढतं. मग वरची रेघ बरोबर आणि खालची तिरकी, कड फुगीर. काम करता करता पातं तापून थोडं सैल होतं, तेव्हा मधूनमधून पुन्हा छेडून बघायचं. फार ताणलं तर तुटतं, पण नवशिक्यांचं पातं तुटतं ते ताणानं कमी आणि मागून ढकलल्यानं जास्त.

आता बाजूला पळण्याबद्दल. हा तुमचा दोष नाही, मशीनचाही नाही. साध्या पात्याचे दात पाडताना एका बाजूला बारीक कोर उरते. ती बाजू जास्त खाते. त्यामुळे पातं बहुधा उजवीकडं ओढतं. आपण सरळ समोर ढकलत राहिलो तर भांडण होतं. लाकूड चार-पाच अंश तिरकं धरून सारायचं, इतकंच. पातं बदललं की अंश थोडा बदलतो. आधी टाकाऊ तुकड्यावर एक सरळ रेघ मारून, ती कापताना लाकूड कुठल्या कोनात आपोआप जातंय ते बघा आणि तो कोन हाताला शिकवा. हात एकदा शिकला की विसरत नाही. पात्याच्या मागच्या बाजूला तेलदगड हलका टेकवून कड गोल केली तर वळणंही सुरेख येतात. डोळ्याला चष्मा लावून करा.

---

मेंटेनन्सवाला

जवारी, "कोन हाताला शिकवा" हे लिहून ठेवलं.

कृष्णाकाठ, वाटीचा प्रयोग उत्तम. आता असं करा. मशीन आणि रबर यांच्यामध्ये वजन घाला. रंधा_पटाशींचा बोल्ट आणि तुमचं रबर यांत भांडण नाही, दोन्ही हवेत. फक्त क्रम बदला : मशीन बोल्टनं जड पाटाला घट्ट, आणि त्या *पाटाखाली* मऊ रबर.

पाट कशाचा? कडप्पा. गणपती पेठेत किंवा कुठल्याही फरशीवाल्याकडं २ फूट बाय २ फूट, १ इंच जाड तुकडा मिळेल. त्याचं वजन साधारण २५ किलो. कडप्प्याला भोकं पाडायच्या फंदात पडू नका, तडकतो. १९ मिमी प्लायचे दोन थर एकमेकांना चिकटवा, त्या जोड प्लायला बोल्ट बसवा. बोल्टची डोकी खालून खोबणीत बुडवायची, मग तो प्लाय कडप्प्यावर सिलिकॉननं किंवा इपॉक्सीनं चिकटवायचा.

१८ किलोचं मशीन आता प्लाय सोडूनच ४३ किलोचं झालं. हादऱ्याचा जोर तोच, हलायचं वजन अडीच पट. मऊ रबरावर हालचाल निम्म्याहून कमी होते. शिवाय वजन वाढल्यानं रबर जास्त दबतं, नैसर्गिक गती खाली सरकते, म्हणजे रेझोनन्स कामाच्या वेगातून बाहेर जातो.

रबर जाड घ्या, इंचभर तरी. चार कोपऱ्यांना छोटे तुकडे. वजन ठेवल्यावर ४ मिमीच्या आसपास दबलं पाहिजे. कमी दबत असेल तर तुकडे कापून लहान करा, जास्त दबत असेल तर मोठे घ्या. मोटरकडची बाजू जड असते, तिकडचे तुकडे मोठे लागतील. वर लेव्हल ठेवून सगळीकडं सारखं दबलंय ना ते बघा. मग साधारण सातशेच्या वर रबर खरंच काम करेल. ४०० ते ५०० मध्ये मात्र थोडं डोलेल. तिथं जोरच कमी असतो, चालतं.

---

रंधा_पटाशी

कडप्पा मान्य. पण टेबल कसलं आहे ते कुणी विचारलंच नाही. स्टडी टेबलावर ४३ किलो ठेवून वर हादरे दिले तर एक दिवस सगळं काकांकडं जाईल, मशीनसकट.

चौकोनी पाईपचा स्टँड वेल्डिंग करून घ्या. तीन पायांचा. चार पायांचा शहाबादी फरशीवर कधीच नीट बसत नाही, एक पाय हवेत राहतोच. आणि वेल्डिंगवाल्याला सांगून पाईपची वरची तोंडं उघडी ठेवा. कोरडी चाळलेली वाळू ठासून भरा, मग बंद करा. पोकळ पाईप घंटेसारखा वाजतो, वाळूचा वाजत नाही. तीन पाय असले की पाया रुंद ठेवा, नाहीतर बाजूला कलंडेल.

---

तासगावकरीण

उशीर झाला, पण आले.

मी लाकडी नावपाट्या करते, अक्षरं कापून. मराठी अक्षरांच्या आतल्या गाठी कापताना जी काही शिकले ते सांगते. कंपाचं वर छान झालंय, मी हातापासून सुरू करते.

बसायची उंची. कोपर टेबलाच्या पातळीला किंवा जरासं वर हवं. कोपर खाली लटकलं की खांद्यातून ढकललं जातं आणि खांद्याला बारकावा कळत नाही. दोन्ही तळहातांच्या कडा टेबलावर टेकवायच्या, बोटं लाकडावर सपाट, पात्याच्या दोन बाजूंना. समोरच्या रेषेत बोट कधीच नाही. आणि ढकलायचं नाही. पातं किती खातंय तेवढंच द्यायचं. पातं मागं वाकलेलं दिसलं की समजायचं, तुम्ही घाईत आहात.

वळण घेताना बऱ्याच जणी (आणि जण!) लाकूड पुढं रेटत फिरवतात. तीव्र कोपऱ्यावर पुढं जाणं थांबवायचं, लाकूड किंचित मागं घेऊन पात्याची पाठ टेकवायची आणि जागच्या जागी फिरवायचं. पाठीला दात नसतात, त्यामुळे रेघ बिघडत नाही.

आता तुमचा उचलला जाणारा प्लाय. पातं रिव्हर्स दातांचं आहे का? खालची कड स्वच्छ यावी म्हणून त्याचे तळाचे काही दात वर तोंड करून असतात. वरच्या स्ट्रोकच्या टोकाला असे दोन-तीनच दात टेबलाच्या वर दिसले पाहिजेत. जास्त दिसत असतील तर ते लाकूड उचलतात. पातं जरा खाली बसवा, नाही जमलं तर खालचं टोक कापून लहान करा. मशीनचा दाबणारा पाय काढून टाकला असेल तर जाळीच्या कामापुरता परत लावा. लोक अडथळा म्हणून काढतात, पण पातळ मालाला त्याचा उपयोग होतो.

दुसरं, टेबलाच्या मधलं भोक. कारखान्यातून येतं ते एवढं मोठं असतं की बारीक तुकडे त्यातून खाली पडतात आणि पातळ प्लायला पात्याभोवती आधारच मिळत नाही. सनमायकाचा तुकडा टेबलाच्या मापाचा घ्या, मधोमध बारीक भोक पाडा, पातं त्यातून ओवा आणि दोन्ही बाजूची टेप लावून टेबलावर चिकटवा. वर मेणबत्तीचं मेण घासून कापडानं पुसा. माझ्या मते फडफड थांबवायला याच्याइतका स्वस्त उपाय नाही.

नक्षी चिकटवण्याआधी किंवा नंतर प्लायवर रुंद पारदर्शक पॅकिंग टेप लावा. पातं गरम होत नाही, कडा जळत नाहीत. एकसारख्या जाळ्या असतील तर दोन प्लाय एकावर एक टेपनं बांधून एकदम कापा. १२ मिमी जाडीला पातं आपोआप शहाणं होतं, हात सुटत नाही, आणि कमानीच्या दोन बाजू हुबेहूब येतात.

आणि धुळीचा मास्क. प्लायमध्ये डिंक असतो, तो फुप्फुसात नको. बंद गॅलरी आहे म्हणून मुद्दाम सांगते, एक काच उघडी ठेवा.

---

कृष्णाकाठ

ताई, पातं रिव्हर्स दातांचंच आहे, आणि वर बरेच दात दिसतात. हे कधी लक्षातच आलं नसतं.

माझ्या मशीनला पिनवालं (टोकांना आडवी पिन असलेलं) पातं लागतं की साधंही चालतं, हे पुस्तिका नसल्यानं कळत नाही. दोन्हीचे खाचे दिसतात. जाळीसाठी कुठलं घेऊ? नंबर कोणता?

---

तासगावकरीण

साधं, बिनपिनेचं. पिन आत जायला भोक मोठं पाडावं लागतं आणि तुमच्या खिडक्या बारीक आहेत. साधं ५ इंची पातं दीड-दोन मिमीच्या भोकातून जातं.

६ मिमी प्लायला ५ नंबर (नंबर लहान तसं पातं बारीक). दोन थर एकत्र कापायचे तरी ५ चालेल. कमळाच्या पाकळ्यांची टोकं खूप बारीक असतील तिथं ३ नंबर लावा, पण सवय झाल्यावर; ते लवकर तुटतं आणि जास्त भरकटतं. स्पायरल पातं घेऊ नका. चहूबाजूंनी कापतं म्हणून लोकांना मोह होतो, सरळ रेघ मात्र त्याला जन्मात येत नाही.

---

जवारी

+१. आणि क्लॅम्प, म्हणजे पात्याची टोकं पकडणारा चिमटा. साध्या पात्याचा क्लॅम्प तेलकट असला की पातं निसटतं. नव्या पात्यावर गंजू नये म्हणून तेल असतं. दोन्ही टोकं पॉलिश पेपरनं घासून, पुसून मग बसवा.

---

मेंटेनन्सवाला

दोन गोष्टी राहिल्या, दोन्ही पात्याच्या चालीच्या.

एक : पातं टेबलाला काटकोनात आहे का? गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून बघाच, पण छोट्या गुण्याला पात्याची उंची पुरत नाही. खात्रीची रीत अशी. दीड-दोन इंच जाड लाकडाच्या तुकड्यात पुढून थोडी चीर पाडा. मशीन बंद करा. तुकडा फिरवून पात्याच्या मागं न्या आणि मागून पातं त्याच चिरेत घालून बघा. सहज सरकलं तर काटकोन बरोबर. अडलं तर जेवढं अडतं त्याच्या निम्मं टेबल कलवायचं.

दोन : पातं सरळ वर-खाली जातं की पुढं-मागंही झुलतं? प्लग काढा, पात्याला मागून लाकडाचा ठोकळा टेकवा आणि मोटर हातानं फिरवा. पॅरलल आर्ममध्ये थोडा झोका असतोच, कारण बाहू कमानीत फिरतो. स्ट्रोकच्या मध्याला बाहू टेबलाला समांतर असतील तर झोका सर्वांत कमी. जास्त दिसला तर पात्याची लांबी, क्लॅम्पची जागा, काही मशीनमध्ये मोटरची बैठक, यांत घोळ असतो. झोका जास्त असला की पातं हिसके देत खातं, आणि तो हिसका तुम्हाला कंप वाटतो.

---

निशाचर

मी फक्त वाचक, पण इलेक्ट्रिशियन आहे म्हणून एक सांगतो. गॅलरीत रात्री काम करत असाल तर दिव्याकडं लक्ष द्या. स्वस्त एलईडी आपल्या ५० हर्ट्झच्या विजेवर सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. १५०० स्ट्रोक म्हणजे सेकंदाला २५. शंभराला पंचवीसनं भाग जातो, त्यामुळे त्या वेगाला पातं जागच्या जागी उभं दिसू शकतं, किंवा तीन-चार पाती दिसतात. रेघ कुठं आहे ते कळत नाही आणि बोट जवळ जातं. चांगल्या ड्रायव्हरचा (आतल्या वीज-सर्किटचा) दिवा घ्या. मोबाईलचा कॅमेरा दिव्यावर धरा; स्क्रीनवर काळे पट्टे सरकताना दिसले की तो दिवा बाद.

---

फुकटसल्लागार

धागा लेझरपेक्षा महाग पडणार असं दिसतंय. पण वाचनखूण साठवली आहे.

---

कृष्णाकाठ

मंडळी, प्रगती सांगतो.

टेबल कठड्याकडून भिंतीलगत, खांबाच्या कोपऱ्यात आणलं. फक्त एवढ्यानं खालचा आवाज बराच उतरला, असं काकांचंच म्हणणं. तेल घातलं, डाव्या बाजूच्या पिव्होटमध्ये खेळ होता, तो बुश कुपवाडच्या लेथवाल्याकडून पितळेचा करून बसवला. मशीनच्या एका पायाखाली खरंच कागद जात होता.

कडप्पा आणि जोड प्लाय तयार आहे, मशीन त्यावर आवळलं. खाली रबराचे जाड तुकडे. तीन पायांच्या स्टँडचं वेल्डिंग व्हायचंय, तोवर जुन्या लाकडी मेजावर आहे. वाटीतलं पाणी आता हजाराला थरथरतं, सांडत नाही. पण साडेपाचशेच्या जवळपास सगळा पाट सावकाश डुलतो.

५ नंबरचं पातं, रिव्हर्स दात बेतानं, सनमायका, टेप. दोन प्लायची जोडी कापून बघितली. सरळ रेघ जमते आहे. कमळाच्या आतल्या वळणांना अजून हात चुकतो.

---

मेंटेनन्सवाला

साडेपाचशेला डुलणं म्हणजे रबर ठरल्याप्रमाणे वागतंय, रेझोनन्स खाली गेला. डायलवर ५०० ते ६५० मध्ये लाल मार्करनं पट्टा काढा आणि तिथं थांबू नका. सुरू करताना झटकन पार करा. मेज लाकडी आणि डुगडुगतं असेल तर तेही त्यात भर घालत असेल. स्टँड आल्यावर पुन्हा वाटी ठेवून बघा.

---

रंधा_पटाशी

स्टँडच्या वाळूचं विसरू नका. आणि वाळू कोरडी. ओली भरली तर पाईप आतून गंजतो.

---

तासगावकरीण

कमळाला वेग ७०० ते ८०० ठेवा, त्याहून जास्त नको. आधी सगळ्या आतल्या खिडक्या कापा, बाहेरची कड शेवटी. नाहीतर धरायला लाकूडच उरत नाही. आतल्या खिडक्यांतही मधल्या आधी, कडेच्या नंतर. आणि पाकळीच्या टोकाशी दोन्ही बाजूंनी येऊन भेटायचं, एका दमात वळायला जायचं नाही.

पहिलं कमळ एमडीएफच्या (लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीच्या) टाकाऊ तुकड्यावर कापून फोटो टाका. कोन कुठं सुटतोय ते बघून सांगते.